रिमोट डेस्कटॉपची जोडणी होत नाही : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नौपाड्यातील सीएंची कार्यालये, वागळे इस्टेट आणि महापे येथील लहान कारखान्यांचे हिशेब विभाग, वाशीच्या बाजारातील व्यापाऱ्यांच्या पेढ्या अशा ठिकाणी टॅली किंवा तत्सम सॉफ्टवेअर कार्यालयातील एकाच विंडोज संगणकावर असते आणि माणसे घोडबंदर रोड, डोंबिवली, खारघर येथील आपल्या घरून रिमोट डेस्कटॉपद्वारे त्यावर काम करतात. मुसळधार पावसाने लोकल बंद पडल्या किंवा जीएसटी विवरणपत्राची २० तारीख तोंडावर आली, की या सोयीचे मोल कळते आणि नेमक्या त्याच वेळी ती बंद पडली तर घाईघाईत भलते उपाय केले जातात. त्या घाईत फायरवॉल (नको असलेल्या जोडण्या अडवणारी यंत्रणा) पूर्ण बंद करणे किंवा राउटरवर पोर्ट (संगणकात येण्याचे क्रमांकित दार) सर्वांसाठी खुला करणे यांसारखे प्रकार होऊ नयेत, ही माझी या पानामागची मुख्य कळकळ आहे. खालील उत्तरे विंडोज १० आणि ११ यांतील मूळच्या रिमोट डेस्कटॉप सुविधेविषयी आहेत.

जोडणी झाली नाही तर सर्वांत आधी काय पाहावे?

जोडणी कोणत्या टप्प्यावर अडली, हे आधी ठरवावे. घरचा लॅपटॉप कार्यालयातील संगणकाशी जोडला जाताना पाच गोष्टी एकामागून एक घडतात. संगणक चालू आणि जागा असावा लागतो. त्याचा पत्ता सापडावा लागतो. त्या पत्त्यावरील ३३८९ हा टीसीपी पोर्ट उघडा असून रिमोट डेस्कटॉपची सेवा तेथे ऐकत असावी लागते. वापरकर्त्याची ओळख पटावी लागते. आणि शेवटी सत्र सुरू होऊन पडदा दिसावा लागतो. पडद्यावर येणारा संदेश इंग्रजीत आणि मोघम असला, तरी त्यावरून टप्पा ओळखता येतो. नाव-पासवर्ड विचारण्यापूर्वीच काही सेकंद थांबून 'कनेक्ट होऊ शकत नाही' असे आले, तर अडचण पहिल्या तीन टप्प्यांत असते. नाव-पासवर्ड भरल्यानंतर नकार आला, तर जाळे (नेटवर्क) आणि पोर्ट बहुधा ठीक असून अडचण ओळखीची असते. पडदा उघडून काळाच राहिला किंवा जोडणी मिनिटभरात तुटली, तर राउटर आणि पासवर्ड यांच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि लगेच पुन्हा प्रयत्न करून पाहावा. पाच गोष्टी एकदम बदलल्यावर जोडणी झाली, तर कोणत्या बदलाने झाली हे कळत नाही आणि उरलेले चार अनावश्यक बदल, त्यांतील एखादा सुरक्षेला घातक असला तरी, तसेच राहून जातात.

आमच्या संगणकावर रिमोट डेस्कटॉप चालू करण्याचा पर्यायच मिळत नाही. असे का?

तो संगणक विंडोज होम आवृत्तीचा असण्याची शक्यता मोठी आहे. होम आवृत्तीवरून दुसऱ्या संगणकात जाता येते, पण होम आवृत्तीच्या संगणकात बाहेरून येता येत नाही. त्यासाठी प्रो, एंटरप्राइज किंवा एज्युकेशन आवृत्ती लागते. सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट या क्रमाने गेल्यास आवृत्ती दिसते. दुकानातून तयार घेतलेल्या बऱ्याच लॅपटॉपांवर होम आवृत्तीच असते, म्हणून कार्यालयासाठी खरेदी करताना पावती होण्यापूर्वी हे विचारून घ्यावे.

होम आवृत्तीला ही सुविधा चिकटवणाऱ्या अनधिकृत युक्त्या इंटरनेटवर मिळतात. विंडोजच्या अद्ययावतीकरणानंतर त्या बंद पडतात, आणि व्यवसायाचे हिशेब असलेल्या संगणकाच्या प्रवेशद्वाराशीच अनोळखी माणसाने लिहिलेला प्रोग्राम बसवणे मला मान्य नाही. प्रोचा परवाना घ्यावा, किंवा पुढे उल्लेख केलेल्या दुसऱ्या साधनांपैकी एखादे वापरावे.

कालपर्यंत व्यवस्थित चालत होते. आज कोणीही काहीही बदललेले नसताना जोडणी होत नाही. काय झाले असेल?

बहुतेक वेळा उत्तर विजेत किंवा झोपेत सापडते. रात्री वीज जाऊन आली, की राउटर आपोआप चालू होतो, पण संगणक मात्र बंदच राहतो, कारण वीज परत आल्यावर काय करायचे हे संगणकाच्या बायोसमधील (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ सेटिंगमधील) एका पर्यायावर ठरते. वीज परत आल्यावर संगणक चालू व्हावा असा पर्याय जवळजवळ प्रत्येक मदरबोर्डच्या बायोसमध्ये असतो. त्याचे नाव कंपनीगणिक बदलते. ज्या संगणकावर घरून काम करायचे आहे, त्यावर तो एकदा लावून ठेवावा. बिटलॉकर या डिस्क कुलूपबंद करणाऱ्या सुविधेला सुरू होतानाच पिन मागण्याची सवय लावली असेल, तर मात्र संगणक चालू होऊनही त्या पिनच्या पडद्यावर थांबून राहतो आणि तेथपर्यंत रिमोट डेस्कटॉप पोहोचत नाही. अशा वेळी कार्यालयात माणूस असण्याला पर्याय नाही.

दुसरे कारण स्लीप. झोपलेल्या संगणकाशी जोडणी होत नाही. सेटिंग्जमधील पॉवर विभागात जाऊन, वीजजोडणी असताना संगणक कधीही झोपू नये असे ठरवावे. पडदा बंद झाला तरी हरकत नाही. कार्यालयात लॅपटॉपच ठेवला असेल, तर झाकण मिटल्यावर काहीही करू नये असा पर्यायही निवडावा लागतो. नेटवर्क कार्डाच्या गुणधर्मांमध्ये वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करण्याची मुभा विंडोजला दिलेली असते, तीही काढून टाकावी.

तिसरे कारण पत्ता बदलणे. राउटर संगणकांना पत्ते वाटतो आणि पुन्हा सुरू झाल्यावर तोच पत्ता देईलच असे नाही. काल १९२.१६८.१.२० असलेला संगणक आज १९२.१६८.१.२४ झाला, की जतन केलेली जोडणी भलत्याच यंत्राचे, कदाचित प्रिंटरचे, दार ठोठावत राहते. राउटरमध्ये त्या संगणकासाठी पत्ता राखून ठेवणे हा यावरचा नेमका उपाय आहे. आणि संगणकाचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर त्याला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही असे समजावे. तेव्हा केबल, स्विच आणि राउटर तपासावेत, रिमोट डेस्कटॉपला हात लावू नये.

पिंगला (संगणक जागा आहे का हे पाहण्यासाठी दिलेल्या हाकेला) उत्तर येत नाही. याचा अर्थ संगणक बंद आहे, असाच घ्यायचा का?

नाही. फायरवॉल पिंग अडवून रिमोट डेस्कटॉपला वाट देऊ शकते, आणि याच्या उलटही घडू शकते. म्हणून पोर्टच तपासावा. विंडोजच्या पॉवरशेल या आज्ञा लिहिण्याच्या खिडकीत टेस्ट-नेटकनेक्शन (Test-NetConnection) ही आज्ञा संगणकाचे नाव आणि ३३८९ हा पोर्ट देऊन चालवावी. टीसीपी चाचणी यशस्वी असे उत्तर आले, तर पहिले तीन टप्पे पार पडले आणि पुढे ओळखीकडे वळावे.

चाचणी अयशस्वी ठरली, तर कार्यालयातील संगणकासमोर बसलेल्या व्यक्तीला तीन गोष्टी पाहण्यास सांगावे. सेटिंग्जमधील रिमोट डेस्कटॉपचे बटण चालू आहे का. सर्व्हिसेसच्या यादीत रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस ही सेवा सुरू आहे का. आणि विंडोज फायरवॉलच्या परवानगी यादीत रिमोट डेस्कटॉपपुढे त्या जाळ्याच्या प्रकाराची खूण आहे का. नवा राउटर बसवला की विंडोज त्या जाळ्याला नवे समजून 'सार्वजनिक' ठरवू शकते आणि परवानगी फक्त 'खासगी' जाळ्यासाठी असेल तर दार बंद होते. कार्यालयातील जाळे असल्यास त्याचा प्रकार खासगी करावा. फायरवॉल संपूर्ण बंद करून पाहण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नये, कारण काम झाले की ती पुन्हा चालू करण्याचे विसरले जाते. बाहेरून विकत घेतलेला अँटिव्हायरस असेल, तर त्याची स्वतःची फायरवॉल वेगळी असते आणि विंडोजमधील परवानगीने तिच्यात फरक पडत नाही, हेही लक्षात ठेवावे.

कार्यालयाच्या आतून जोडणी होते, घरून मात्र होत नाही. दोष कोणाचा?

बहुधा संगणकाचा नाही, एवढे या एका निरीक्षणावरून कळते. १९२.१६८ किंवा १० ने सुरू होणारे पत्ते खासगी असतात आणि ते इंटरनेटवरून दिसत नाहीत. म्हणून घरून येताना आधी कार्यालयाच्या व्हीपीएनमध्ये, म्हणजे इंटरनेटवरून कार्यालयाच्या जाळ्यात नेणाऱ्या सुरक्षित खासगी वाटेत, शिरावे लागते. व्हीपीएन चालू आहे का, हे पाहण्यापासून सुरुवात करावी. ते चालू असूनही जोडणी होत नसेल, तर संगणकाच्या नावाऐवजी पत्ता टाकून पाहावा. पत्त्याने होते आणि नावाने होत नाही, असे दिसल्यास व्हीपीएनमधून नावांची उकल होत नाही, एवढाच दोष असतो.

यानंतरचे कारण जास्त फसवे आहे, म्हणून ते सविस्तर सांगतो. समजा, वागळे इस्टेटमधील कार्यालयाचे जाळे १९२.१६८.१ या मालिकेत आहे आणि हिशेबाचा संगणक १९२.१६८.१.२० वर आहे. कोपरखैरण्याला राहणाऱ्या कर्मचाऱ्याच्या घरच्या राउटरनेही, कारखान्यातून निघताना होती तीच, १९२.१६८.१ ही मालिका लावलेली आहे. व्हीपीएन हिरवे दिसते, पण लॅपटॉपला १९२.१६८.१.२० कडे जायचे झाले की तो पत्ता आपल्याच घरच्या मालिकेत बसतो, म्हणून तो घरातच शोध घेतो आणि रिकाम्या हाताने परत येतो. त्याच कर्मचाऱ्याने मोबाइलचे हॉटस्पॉट वापरले तर जोडणी लगेच होते, कारण तेथील मालिका वेगळी असते. परिणामी दोष घरच्या इंटरनेट सेवेचा आहे असा समज होतो आणि केबलवाल्याशी व्यर्थ वाद घातला जातो. घरच्या राउटरची मालिका बदलून १९२.१६८.७७ अशी काही केली, तर त्या एका घरापुरता प्रश्न मिटतो. पण घरून काम करणारी माणसे अनेक असतील, तर कार्यालयाचीच मालिका सहसा कोणी न वापरणारी, उदाहरणार्थ १०.३७.५२, करणे शहाणपणाचे ठरते. तो बदल सुट्टीच्या दिवशी करावा, कारण कायम पत्ता दिलेले प्रिंटर, टॅलीच्या लायसन्स सर्व्हरचा पत्ता आणि सामायिक फोल्डरांचे दुवे हे सर्व त्याबरोबर बदलावे लागते.

तिसरी शक्यता कार्यालयाच्या इंटरनेट जोडणीची. बऱ्याच सेवादात्यांकडे आता प्रत्येक ग्राहकाला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मिळत नाही; अनेक ग्राहक एका पत्त्यामागे असतात आणि या पद्धतीला सीजीनॅट म्हणतात. राउटरच्या पानावरील वॅन, म्हणजे इंटरनेटकडील, पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्यामध्ये असेल, किंवा तो पत्ता आणि 'माझा आयपी' दाखवणाऱ्या संकेतस्थळावरील पत्ता वेगळा असेल, तर बाहेरून त्या राउटरपर्यंत पोहोचण्याची वाटच नाही. कार्यालयात उभारलेले व्हीपीएनही मग बाहेरून सापडत नाही. सेवादात्याकडून स्थिर सार्वजनिक पत्ता घ्यावा, किंवा दोन्ही बाजूंनी आतून बाहेर जोडणी करणारे टेलस्केलसारखे व्हीपीएन वापरावे.

व्हीपीएनची कटकट नको. राउटरवर ३३८९ पोर्ट उघडून दिला तर चालणार नाही का?

चालेल, आणि म्हणूनच तो मोह घातक आहे. इंटरनेटवर उघडा असलेला ३३८९ शोधणारे प्रोग्राम अहोरात्र फिरत असतात आणि तो सापडला की नाव-पासवर्डांच्या जोड्या लावून पाहू लागतात. पोर्टचा आकडा बदलल्याने हा मारा थोडा कमी होतो, पण दार उघडेच राहते. मे २०१९ मध्ये ब्लूकीप या नावाने ओळखला जाणारा दोष जाहीर झाला. विंडोज ७ आणि त्याआधीच्या काही आवृत्त्यांमध्ये तो पासवर्डाविनाच शिरकाव करू देणारा होता आणि मायक्रोसॉफ्टने त्यासाठी आधार संपलेल्या विंडोज एक्सपीलाही दुरुस्ती पुरवली, यावरून त्याचे गांभीर्य कळावे. लहान कार्यालयाकडे गमावण्यासारखे काही नसते, हा समज मला पटत नाही. अशिलांची पॅन, बँक तपशील आणि पगारपत्रके ज्या संगणकावर असतात, तो खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामने कुलूपबंद केला तर नुकसान केवळ मालकाचे होत नाही.

पोर्ट आधीच उघडलेला असेल, तर तो आज बंद करावा, व्हीपीएन किंवा रिमोट डेस्कटॉप गेटवे (ओळख तपासून आत सोडणारा मधला सर्व्हर) उभा करावा, सर्व खात्यांचे पासवर्ड बदलावेत आणि अनोळखी प्रशासक खाती तयार झालेली नाहीत ना, हे पाहावे. घुसखोरी झाल्याचे आढळल्यास सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ती लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत तिला कळवावी लागते.

पासवर्ड अचूक असूनही 'क्रेडेन्शियल्स चालले नाहीत' असा संदेश येतो. का?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे आणि त्याची कारणेही बरीच आहेत. पहिले म्हणजे, संगणकासमोर बसून आपण जो चार किंवा सहा आकडी पिन टाकतो, तो पासवर्ड नव्हे. पिन त्या यंत्रापुरताच असतो आणि रिमोट डेस्कटॉपला खात्याचा खरा पासवर्ड लागतो. वर्षानुवर्षे पिन वापरल्यामुळे खरा पासवर्ड कोणता, हेच आठवत नाही, अशी स्थिती अनेकांची असते. मायक्रोसॉफ्ट खाते असेल आणि त्या संगणकावर पासवर्डाने एकदाही प्रवेश केलेला नसेल, तर फक्त विंडोज हॅलोनेच (पिन, बोटाचा ठसा किंवा चेहरा) प्रवेश द्यावा हा पर्याय बंद करून, संगणकासमोर बसून एकदा पासवर्डाने प्रवेश करावा. त्यानंतर रिमोट जोडणी सुरळीत होते.

दुसरे, नाव कसे लिहिले आहे ते पाहावे. घरच्या लॅपटॉपवर नुसते नाव टाकल्यास ते भलत्याच ठिकाणचे समजले जाऊ शकते. स्थानिक खात्यासाठी कार्यालयातील संगणकाचे नाव, उलटी तिरकी रेघ आणि मग खात्याचे नाव असे लिहावे; मायक्रोसॉफ्ट खात्यासाठी पूर्ण ईमेल पत्ता लिहावा. तिसरे, खात्याला पासवर्डच नसेल तर विंडोज बाहेरून प्रवेश नाकारते, आणि ते योग्यच आहे. चौथे, पासवर्ड बदलल्यावरही घरच्या लॅपटॉपच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये (जतन केलेल्या पासवर्डांच्या यादीत) जुनाच जतन असतो. टर्मसर्व्ह (TERMSRV) या शब्दाने सुरू होणारी तेथील नोंद काढून पुन्हा प्रयत्न करावा.

पासवर्डाची मुदत संपली असेल, किंवा पुढच्या प्रवेशाला तो बदलावा असे प्रशासकाने ठरवले असेल, तर एनएलए ही आगाऊ ओळख पडताळणी चालू असताना तो बदलण्याचा पडदा बाहेरून दिसत नाही आणि स्थानिक सुरक्षा यंत्रणेशी संपर्क होत नाही अशा अर्थाचा गोंधळात टाकणारा संदेश येऊ शकतो. पासवर्ड कार्यालयात बसून बदलावा. त्यासाठी एनएलए बंद करू नये. ओळख पटण्यापूर्वी अनोळखी माणसाला विंडोजच्या प्रवेश पडद्यापर्यंत येऊ न देणारी ती पायरी आहे.

खाते कुलूपबंद झाले असण्याचीही शक्यता असते. विंडोज ११ च्या २२एच२ आवृत्तीपासून नव्याने बसवलेल्या संगणकांवर १० चुकीच्या प्रयत्नांनंतर खाते १० मिनिटांसाठी बंद होते. स्वतः एकदाही चूक न करता खाते सतत कुलूपबंद सापडत असेल, तर तो पासवर्डाचा प्रश्न राहत नाही: बाहेरून कोणीतरी प्रयत्न करत आहे, आणि वरच्या प्रश्नातील उघडा पोर्ट तत्काळ तपासावा.

ओळख पटूनही दूरस्थ प्रवेशाचा अधिकार नाही असे सांगितले गेले, तर ते खाते रिमोट डेस्कटॉप यूझर्स या गटात घालावे. प्रशासक खात्यांना हा अधिकार आपोआप असतो, पण केवळ त्यासाठी एखाद्याला प्रशासक करणे चुकीचे आहे.

'क्रेडएसएसपी' आणि 'एन्क्रिप्शन ओरॅकल' असे शब्द असलेला संदेश आला तर?

दोन संगणकांपैकी एक फार काळ अद्ययावत झालेला नाही. मार्च २०१८ मध्ये क्रेडएसएसपी या ओळख पोहोचवण्याच्या पद्धतीतील एका सुरक्षा दोषासाठी दुरुस्ती आली आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यापासून अद्ययावत संगणक जुन्या, दुरुस्ती नसलेल्या संगणकाशी जोडणी नाकारू लागले. जो मागे राहिला आहे, बहुधा कार्यालयातील, त्याचे विंडोज अपडेट पूर्ण करावे. विंडोजच्या रजिस्ट्रीत किंवा ग्रुप पॉलिसीत बदल करून नव्या संगणकाला कमकुवत करण्याची जी युक्ती सांगितली जाते, ती फक्त अपडेट करण्यासाठी आत शिरण्यापुरती वापरावी आणि लगेच मागे घ्यावी. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, हेही या निमित्ताने ध्यानात घ्यावे.

तारीख-वेळेत फरक असल्यामुळे ओळख पटवता येत नाही, असा संदेश का येतो?

जुन्या संगणकातील सीआर२०३२ ही नाण्याच्या आकाराची बॅटरी संपली, की वीज गेल्यावर संगणकाचे घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. प्रमाणपत्रांची वैधता तारखेवर अवलंबून असल्याने जोडणी नाकारली जाते. डोमेनमधील, म्हणजे एका मध्यवर्ती सर्व्हरच्या नियंत्रणाखालील, संगणकांना तर ५ मिनिटांहून जास्त फरक चालत नाही. वेळ दुरुस्त करून जोडणी होईल, पण पुढच्या वेळी वीज गेली की तोच प्रकार घडेल, म्हणून बॅटरीच बदलावी. ती कोणत्याही घड्याळाच्या दुकानात मिळते.

जोडणी होते, पण पडदा काळा राहतो किंवा थोड्या वेळाने सगळे गोठते.

काळ्या पडद्यावर आधी कंट्रोल, ऑल्ट आणि एंड ही बटणे एकत्र दाबावीत; दूरच्या संगणकावर कंट्रोल-ऑल्ट-डिलीट पोहोचवण्याची हीच रीत आहे. टास्क मॅनेजर उघडला, तर सत्र जिवंत आहे आणि फक्त डेस्कटॉप सुरू झालेला नाही. तेथून एक्सप्लोरर नव्याने चालवता येतो. काहीच उघडले नाही, तर ग्राफिक्स ड्रायव्हरचा संशय घ्यावा.

मध्येच गोठण्याचे कारण बहुधा वाटेत असते. रिमोट डेस्कटॉप टीसीपीबरोबरच यूडीपी ही माहिती पाठवण्याची दुसरी पद्धतही वापरते आणि काही जाळ्यांमध्ये यूडीपीची वाहतूक नीट होत नाही. घरच्या लॅपटॉपच्या ग्रुप पॉलिसीमध्ये यूडीपी बंद करून पाहावे. व्हीपीएनवर माहितीची मोठी पाकिटे अडकत असतील, तर प्रवेश होतो पण पडद्याचे चित्र येता येत नाही. हे तपासण्यासाठी पाकीट तोडू नये असे सांगून १४७२ बाइटचे पिंग पाठवावे आणि उत्तर येईपर्यंत आकडा उतरवत न्यावा; जो आकडा जाईल त्यात २८ मिळवले की एमटीयू, म्हणजे एका पाकिटाचा कमाल आकार, मिळतो, आणि तो व्हीपीएनच्या सेटिंगमध्ये भरावा.

मी घरून काम करत असताना अचानक बाहेर फेकला जातो. कोणी हेतुपुरस्सर करते का?

विंडोज प्रो एका वेळी एकाच व्यक्तीला काम करू देते. आपण घरून आत आलो की कार्यालयातील पडद्याला कुलूप लागते, आणि तेथे बसलेल्या सहकाऱ्याने ते उघडले की आपले सत्र तुटते. दोघांना एकदम काम करायचे असेल, तर दोन संगणक किंवा विंडोज सर्व्हर घ्यावा. सर्व्हरवर व्यवस्थापनासाठी दोन सत्रे मिळतात. त्याहून अधिक माणसांसाठी स्वतंत्र परवाने लागतात. ते न घेता सुविधा उभारली, तर १२० दिवसांची सवलत संपताच परवाना सर्व्हर नसल्याचे सांगून सर्वांचा प्रवेश बंद होतो. चार महिन्यांपूर्वी बसवलेला सर्व्हर एके सकाळी अडून बसला, तर हे कारण आधी आठवावे.

जोडणी होते, पण कार्यालयातील संगणकाला लावलेली डिजिटल सही दिसत नाही.

हा दोष नाही, रिमोट डेस्कटॉपची ती रचनाच आहे. सत्र सुरू झाले की स्मार्ट कार्डविषयीच्या (डिजिटल सहीचे टोकनही त्यातच मोडते) सर्व विनंत्या आपण ज्या संगणकासमोर बसलो आहोत त्याच्याकडे वळवल्या जातात. म्हणून कार्यालयातील यूएसबीत खोचलेले डिजिटल सहीचे (डीएससी) टोकन घरून उघडलेल्या सत्राला सापडत नाही आणि एमसाइनर हा सही करण्याचा प्रोग्राम प्रमाणपत्रांची रिकामी यादी दाखवतो. टोकन घरच्या लॅपटॉपला लावावे, त्याचा ड्रायव्हर तेथे आणि टोकनचे सॉफ्टवेअर कार्यालयातील संगणकावर बसवावे, आणि जोडणीपूर्वी लोकल रिसोर्सेस विभागातील 'मोअर' या बटणामागे स्मार्ट कार्डपुढे खूण आहे ना ते पाहावे.

टोकन कार्यालयातच ठेवायचे असेल, तर क्विक असिस्ट किंवा एनीडेस्कसारखे समोरचाच पडदा दाखवणारे साधन वापरावे लागते, कारण त्यात वेगळे सत्र तयार होत नाही. तरीही मला येथे आग्रहाने सांगायचे आहे की, अशिलांची टोकने रात्रभर संगणकाला लावून ठेवणे आणि त्यांचे पिन कागदावर लिहून चिकटवणे ही पद्धत थांबली पाहिजे. सही ज्याची आहे त्याच्याच ताब्यात टोकन असावे.

मग सरळ एनीडेस्क किंवा क्रोम रिमोट डेस्कटॉपच का वापरू नये?

वापरता येते. होम आवृत्ती असेल किंवा सीजीनॅटमुळे वाट नसेल, तर ती सोयीची पडतात. मात्र व्यावसायिक वापराच्या परवान्याच्या अटी आधी वाचाव्यात आणि दोन टप्प्यांची पडताळणी चालू ठेवावी. बँकेतून किंवा वीज कंपनीतून बोलतो असे सांगून कोणी असे साधन बसवण्यास सांगितले, तर फोन ठेवावा. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे.

एवढे करूनही जमले नाही. तंत्रज्ञाला बोलावताना काय सांगावे?

संदेशाचा पूर्ण पडद्यासह फोटो, अपयशाची नेमकी वेळ, त्या वेळी व्हीपीएन चालू होते का, आणि हॉटस्पॉटवरून तसेच कार्यालयाच्या आतून प्रयत्न केल्यास काय होते, एवढी माहिती दिली तर निम्मे काम फोनवर होते. वेळ महत्त्वाची आहे, कारण कार्यालयातील संगणकाच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये त्या मिनिटाच्या नोंदी पाहायच्या असतात. टर्मिनल सर्व्हिसेसच्या रिमोट कनेक्शन मॅनेजर विभागात ११४९ ही नोंद असेल, तर विनंती संगणकापर्यंत पोहोचली होती. लोकल सेशन मॅनेजर विभागातील २१ म्हणजे सत्र सुरू झाले, २४ म्हणजे तुटले आणि २५ म्हणजे पुन्हा जुळले. सिक्युरिटी विभागातील ४६२५ म्हणजे प्रवेश नाकारला गेला आणि कारण त्याच नोंदीत लिहिलेले असते. एनएलए चालू असताना त्या नोंदीत लॉगऑनचा प्रकार १० ऐवजी ३ दिसतो, त्यामुळे ती दुसऱ्या कशाची तरी आहे असे समजून वगळू नये. अपयशाच्या मिनिटाला यांपैकी एकही नोंद नसेल, तर विनंती बहुधा तेथवर आलीच नाही, आणि शोध राउटर, व्हीपीएन किंवा पत्त्याच्या बाजूने सुरू करावा.